तीन हाका

बिश्केक, ९ जून

ती. सालकिनताईस,

सा. न. वि. वि. आधी तुला, मग तुझ्या सासूबाईंना, मग घोड्यांना. भावोजींना सगळ्यांत शेवटी, कारण ते पत्र वाचतच नाहीत.

इथे जूनमध्येच डांबर चपलांना चिकटायला लागलंय आणि तुम्ही तिकडे वरच्या कुरणावर लोकरी मोजे घालून बसला असाल. हे पत्र तुराटच्या हाती देते आहे. दर दहा दिवसांनी तो तुमच्याकडे पीठ-साखर पोचवतो आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमीसचे कॅन भरून खाली आणतो, तेव्हा आपला टपालवाला तोच. तिथे फोनला रेंज नाही याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटतं, बरंच आहे. फोनवर तू नुसतं बरं आहे, बरं आहे म्हणतेस. पत्रात जरा तरी खरं लिहिशील.

तुझ्या लेकीनं, आकमोरनं मला सगळं सांगितलंय, म्हणून तिच्यावर रागावू नकोस. तिला इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात सुईणीच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली आहे. पंधरा ऑगस्टच्या आत तिनं स्वतः येऊन कागद दिले नाहीत तर ती जागा दुसरीला जाईल. आणि तुझ्या सासूबाईंनी ओढ्यापलीकडच्या बुर्माकानबाईंना अर्धा शब्द देऊन ठेवलाय, की कुरण सोडायच्या आत या आणि आमच्या मुलीच्या कानात तुमची कर्णफुलं घाला. एकदा ती कानात गेली की मुलगी त्यांची झाली. मग कसली सुईण आणि कसला अभ्यास.

भावोजी आईच्या शब्दापुढे जायचे नाहीत आणि तू भावोजींच्या. म्हणून मी ठरवलंय, बोलायचं ते टीव्हीनं बोलेल. हसू नकोस. बारा वर्षं मी परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज देते आहे. कोणती मालिका कोणत्या माणसाला कुठे लागते हे मला डॉक्टरसारखं कळतं.

पत्रासोबतच्या निळ्या पेन ड्राइव्हमध्ये या उन्हाळ्यात बघाव्यात अशा तीन मालिका आहेत. सांगते त्याच क्रमानं लाव. पहिली तुर्की, 'अंजिराचं अंगण', चोवीस भाग. हिच्यात कुणी काही शिकत नाही, सगळे नुसते जेवतात आणि दाराआडून ऐकतात. पण सासूबाईंना चटक लागायला तीच हवी. दुसरी कोरियन, 'शेवटचा डबा'. एक म्हातारी विधवा जेवणाच्या डब्यांचं दुकान काढते. सोळाच भाग, आणि थोरांपुढे सगळे कमरेत वाकतात, त्यामुळे त्या खूश होतील. तिसरी ब्राझीलची, 'खाडीपलीकडची सुईण'. माझा बाण तोच. मासेमारांच्या बेटावरची डाल्वा नावाची सून शहरात जाऊन सुईणीचं काम शिकते. ती संपेपर्यंत सासूबाई स्वतः आकमोरची पेटी भरायला घेतील, लिहून ठेव.

हिंदुस्थानी मालिका मुद्दाम दिलेली नाही. तिच्यात बाई जिना उतरायला लागते आणि खाली पोचेपर्यंत भाग संपतो. तेवढ्या वेळात तुमच्या घोड्या धार द्यायच्या थांबतील.

लोभ आहेच. तिथल्या हवेसारखा तो विरळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
चोल्पोन


सारी-बुलाक, २१ जून

चि. चोल्पोनला,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांतला एक जिभेला आवर घालण्यासाठी.

तुझं पत्र मी आधी पिठाच्या पोत्याआड बसून वाचलं, मग चुलीत घातलं. असली पत्रं जपून ठेवण्याइतकं हे लोकरीच्या नमद्याचं तंबूघर मोठं नाही. एका खोलीत सहा माणसं, आणि कान बाराच्या वर.

इकडे चौदा तारखेला बर्फ पडलं. दोन शिंगरं आजारी झाली, आता बरी आहेत. आकमोरनं सोलरची तार टीव्हीला जोडली. ऊन डोक्यावर असतानाच तो नीट चालतो. घोड्यांची धार दर दोन तासांनी काढावी लागते, त्यामुळे दोन धारांच्या मध्ये एक भाग बसतो. बरोबर मापानं कापल्यासारखा. आता बायका वेळ सांगतात तीही अशीच. बोरसोकची कणीक कधी तळू विचारलं, तर अंजिरानंतर.

तुझी शिफारस खरी ठरली, हे कबूल करते. सासूबाईंना पहिले दोन दिवस तुर्की मालिकेपेक्षा तुझंच नवल वाटत होतं. सून बोलते तो तुझा आवाज, सासू बोलते तोही तुझाच, आणि कुत्र्याला हाकलते ती मोलकरीणही तूच. त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, की तुझ्या बहिणीला कळव, थोरल्या सुनेला एवढं छळू नये, तिच्या पोटात मूल आहे. मी म्हटलं कळवते. कळवलं.

बुर्माकानबाईही येतात. ओढा ओलांडून, स्वतःची उशी घेऊन. मुलगा त्यांचा वाईट नाही गं. घोड्यांशी बोलतो, माणसांशी कमी बोलतो, दारू पीत नाही. वाईट असता तर मला नाही म्हणायला तोंड तरी असतं. आणि आकमोर? धार काढताना घोडीच्या पोटाला कान लावून उभी राहते. परवा म्हणाली, आत दोन ठोके ऐकू येतात. मी अठरा वर्षांची असताना मला त्या पोटात फक्त दूध दिसायचं.

तू फार खात्रीनं लिहितेस. तळ्यावरचं बर्फ आपल्याला पेलेल, हेही तू अशीच खात्रीनं म्हणाली होतीस. बाहेर मी काढलं होतं तुला.

धाकटीला लोभ ठेव असं लिहायची गरज नसते, तो तिच्याकडून वसूल करायचा असतो. तेव्हा जपून राहा.

तुझी,
सालकिन


बिश्केक, ३० जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तळ्याची गोष्ट तू आजवर चाळीसदा सांगितली आहेस. ते बर्फ पेलणारच होतं, फक्त माझ्या मागून तू आलीस.

आता नीट वाच. अंजीर संपलं असेल, डबा चालू असेल. डब्याच्या अकराव्या भागात म्हातारी आपली जुनी पळी सुनेच्या हाती देते. तिथे सासूबाई रडतील. रडू दे, मध्ये चहा विचारू नकोस. पाणावलेला माणूस मऊ असतो. सोळावा भाग संपला की दुसऱ्याच दिवशी सुईण लाव. बुर्माकानबाई असल्या तर उत्तमच, त्यांनाही लागू पडेल.

तू विचारत नाहीस, पण तुला माझ्या कामाबद्दल सांगते. आमचा स्टुडिओ म्हणजे तुमच्या सामानाच्या कपाटाएवढी खोली. भिंतींना जुने गालिचे ठोकलेत. काचेपलीकडे ध्वनियंत्रावर तालाय, अलीकडे मी. मूळ बाईचा आवाज पुसत नाहीत, तो खाली बारीक चालू राहतो आणि वरून मी आपल्या भाषेत सांगत जाते. तिच्या ओठांपेक्षा आपलं वाक्य लांब झालं की मी कापते. रडणं, ओरडणं, हाका, हे तर मी निम्म्यानं कापते. खालून ऐकू येतंच की. बारा वर्षांत मी काय कापलं हे एकाही माणसाला कळलेलं नाही. याला कसब म्हणतात.

आकमोरला म्हणावं, घोडीच्या पोटाचे ठोके मोजून वहीत लिहून ठेव. पहिल्या वर्षी हेच शिकवतात.

तुझ्या चुलीत हेही पत्र जाणार. जाऊ दे, पण त्यावर माझ्या नावानं एक चहा उकळ. लोभ असाच ऊबदार ठेव.

तुझी,
चोल्पोन


सारी-बुलाक, ११ जुलै

चि. चोल्पोनला,

आशीर्वाद. आज दुसरं काही गोड लिहायला नाही.

टीव्ही बंद आहे. सासूबाईंनी स्वतः तार उपटली.

डब्यापर्यंत सगळं तू म्हणालीस तसंच झालं. पळीच्या भागाला त्या रडल्या, मी चहा विचारला नाही. पाच तारखेला सुईण लावली. तीन भाग चांगले गेले. समुद्र बघून त्या म्हणाल्या, एवढं पाणी आणि गवत मात्र कुठेच नाही, बिचारी माणसं. चौथ्या भागात वादळ येतं. डाल्वाला कळा सुरू होतात, घरात कुणी नाही, आणि तिचा सासरा होडी घेऊन निघालेला असतो. ती किनाऱ्यावर धावते आणि त्याला नावानं हाक मारते. अन्सेल्मो! तुझ्या आवाजात, आपल्या भाषेत.

चोल्पोन, सून सासऱ्याचं नाव घेते. ते तू आमच्या घरात मोठ्यानं ऐकवलंस. मी या घरात येऊन बावीस वर्षं झाली. माझ्या सासऱ्यांचं, आजेसासऱ्यांचं, थोरल्या दिरांचं, कुणाचंही नाव माझ्या ओठांवर आलेलं नाही. त्या नावांसारखे वाटणारे शब्दसुद्धा मी टाळते. तू शहरात जाऊन हे विसरलीस कशी?

त्या उठल्या. तार उपटली, गुंडाळून खिशात घातली आणि बाहेर गेल्या. बुर्माकानबाई आपली उशी उचलत म्हणाल्या, की शिकलेल्या सुना अशाच असतात, उद्या आपल्याही नावानं हाका मारतील. आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, मग कर्णफुलं घेऊन मी दहा ऑगस्टला येते. कुणी नको म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. ओढ्याशी जाऊन बसल्या होत्या. आकमोर बोलवायला गेली, तर तिला नुसतं जवळ बसवून घेतलं म्हणे. रागावलेलं माणूस असं करतं का? पण राग नाही तर दुसरं काय, हे मला कळत नाही.

तुझा बाण उलटा आला, चोल्पोन. तुला दोष देऊन मला बरं वाटणार असतं, तर दिला असता.

लोभ कमी झालेला नाही. आज तो जरा लंगडतोय, एवढंच.

तुझी,
सालकिन


बिश्केक, ३० जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळी खरंच नमस्कार, वाकून.

तुराटनं अकरा तारखेचं पत्र दिलं ते मी जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसले. तू म्हणतेस विसरलीस कशी. विसरले नाही गं. तुला ठाऊक आहे, मी दोनच वर्षं सून होते. त्या घरात मी सगळ्यांची नावं मनातल्या मनात घ्यायचे, एकेक करून, मोठ्यानं घेता येत नाहीत म्हणून. घर सोडलं त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर ती सगळी नावं मोठ्यानं घेतली. शेजारच्या बाईनं जागा बदलली. तेव्हापासून मला नावांची भीती वाटत नाही. पण सासूबाईंची सून तू आहेस, मी नाही, हे मी विसरले.

तरी मी आता मागे हटणार नाही, चूक झाली ती दुरुस्त करता येते. गेले अठरा दिवस जेवणाच्या सुट्टीत मी आणि तालाय खोलीत कोंडून घेतोय. मालकांना सांगितलंय यंत्र तपासतोय. डाल्वाच्या तोंडी जिथे जिथे अन्सेल्मोचं नाव होतं, तिथे तिथे मी नव्यानं वाचलंय. आता ती त्याला 'घरचे मोठे' म्हणते, तू म्हणतेस तसं. वादळातसुद्धा. किनाऱ्यावर उभी राहून अदबीनं म्हणते, अहो घरचे मोठे, मागे फिरा. आणि तो फिरतो. तालाय म्हणाला, कळा देणारी बाई इतकी सभ्य बोलत नाही. मी त्याला गप्प बसवलं.

हा लाल पेन ड्राइव्ह. दहा तारखेच्या आत चौथा भाग पुन्हा लाव. सासूबाई बघणार नाहीत म्हणाल्या तरी लाव, आकमोरला लावायला सांग. सून अशी मर्यादेनं वागते आणि तरीही शिकायला जाते, हे त्यांना दिसायला हवं. यात एक अक्षर चुकीचं नाही. मी दोनदा ऐकलंय.

आकमोरसाठी माझ्या खोलीत खाट टाकून ठेवली आहे. काढणार नाही.

लोभाला काठी देऊन उभा कर. दहा दिवसांनी तो धावेल.

तुझी,
चोल्पोन


सारी-बुलाक, १० ऑगस्ट

चि. चोल्पोनला,

आशीर्वाद. हे पत्र लांबणार आहे. तुराटला आम्ही दोन वाट्या कुमीस देऊन बसवून ठेवलंय.

एक तारखेला आकमोरनं चौथा भाग लावला. सासूबाई बाहेर नमद्याच्या भिंतीला पाठ लावून कुमीस घुसळत बसल्या होत्या. तार त्यांनीच खिशातून काढून दिली होती, मी बघत नाही, तुम्ही बघा म्हणून. पडदा त्यांना दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. वादळ आलं. तुझा आवाज म्हणाला, अहो घरचे मोठे, मागे फिरा. घुसळणं थांबलं. त्या घुसळणीचा दांडा हातात घेऊनच आत आल्या. मला वाटलं टीव्ही फोडतात.

म्हणाल्या, मागे घे. आकमोरनं मागे घेतलं. पुन्हा मागे घे. तीनदा ऐकलं. मग मला म्हणाल्या, "खालून ती बाई तीन वेळा नाव घेऊन ओरडते आहे. तुझी बहीण मागच्या खेपेला एकच हाक सांगत होती. आता तीही गिळली. अशा हाकेला कुणी वळत नाही. मी मारून बघितली आहे."

मग बसल्या आणि मला म्हणाल्या, लिहून घे, तिला पाठवायचंय. त्यांनी सांगितलं तसंच खाली लिहिते.

"मी एकोणीस वर्षांची होते. नवरा सैन्यात. मे महिन्यात आम्ही इथेच, या ओढ्याशी आलो आणि वादळ सुटलं. घोड्या पांगल्या होत्या. सासरे आणि आणखी दोघं त्या शोधायला निघाले. ते घोड्यावर बसले आणि मला कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण. घरात मी एकटी. डॉक्टर खाली सामुदायिक शेतावर, घोड्यावरून चार तास. सासरे वळले असते तर गेले असते, त्यांचा घोडा चांगला होता. मी दारात येऊन ओरडले, अहो घरचे मोठे. अहो थोर. तीन पुरुष चालले होते, तिघंही कुठल्या ना कुठल्या घरचे मोठे. वाऱ्यात बाई कुणाला बोलावते आहे ते कुणाला कळणार? एकानं मागे बघितलं, हात हलवला आणि गेला. नाव घेऊन ओरडले असते तर ते वळले असते. आपलं नाव कुणालाही वाऱ्यात ऐकू येतं. नाव माझ्या तोंडात होतं. दातांपर्यंत आलं होतं. मी दात मिटले. ते संध्याकाळी आले. मुलगी झाली होती. ती रडली नाही.

"ते दूर गेले होते, ऐकू गेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यांनाही सांगितलं. छप्पन्न वर्षं सांगते आहे. दूर नव्हते. ओढ्यापर्यंतच पोचले होते. मी मारायला हवी होती ती हाक अशी:

एसेनकुल."

वरचा तो एक शब्द आकमोरच्या अक्षरात आहे, तुझ्या लक्षात आलं असेल. सासूबाईंनी तो मोठ्यानं घेतला. शांतपणे, पाणी मागावं तसा. आणि माझा हात थांबला. ते माझे आजेसासरे. बावीस वर्षांची सवय माझ्या बोटांनाही आहे हे मला माहीत नव्हतं. मी तेवढी जागा कोरी ठेवून पुढे लिहायला लागले, तर त्या म्हणाल्या, "गाळू नकोस. तुला जमत नसेल तर पोरीला दे. ती या घरची लेक आहे, तिला सगळी नावं घेता येतात." आकमोरनं माझ्या हातून पेन घेतलं.

पडद्यावर तो होडीवाला अर्धा वळलेला तसाच थांबला होता.

आज सकाळी बुर्माकानबाई आल्या. कर्णफुलं पांढऱ्या रुमालात होती, खरंच सुरेख, जुन्या चांदीची. सासूबाईंनी त्यांना मानाच्या जागी बसवलं, चहा दिला, स्वतःच्या हातानं बोरसोक वाढले. मग म्हणाल्या, अर्धा शब्द मी दिला होता, तो मीच परत घेते, दोष माझा. पोर तीन वर्षं सुईणीचं काम शिकायला चालली आहे. तुमच्या मुलाला थांबायचं असेल तर थांबू द्या, पण तीन वर्षांनी मला विचारू नका, तिला विचारा. बुर्माकानबाईंनी कुमीसची वाटी अर्धी ठेवली आणि उठल्या. ओढ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मला वाटलं भांडायला. उशी विसरल्या होत्या. उशी घेतली, आणि आकमोरजवळ थांबून म्हणाल्या, माझ्या थोरल्या लेकीचे नोव्हेंबरात दिवस भरतात, तोवर काही शिकशील का? आकमोर म्हणाली, तोवर फक्त ठोके मोजायला. त्या म्हणाल्या, तेवढं तरी ये.

यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, आई म्हणेल ते. या वेळी मला त्या वाक्याचा राग आला नाही.

आकमोर तुराटच्या गाडीत बसली आहे. तिची पेटी सासूबाईंनी भरली. तू लिहून ठेव म्हणाली होतीस, म्हणून लिहिते. पण तुझ्या मालिकेनं भरली नाही, हेही लिहिते. जे तू कापलं होतंस त्यानं भरली.

त्यांचा निरोप आहे: ते नाव परत ठेव. तिन्ही वेळा.

लोभाचं काय लिहू? तो गाडीत बसून तुझ्याकडे येतोय, उलटी होऊ नये म्हणून खिडकीशी. जप.

तुझी,
सालकिन


बिश्केक, १९ ऑगस्ट

ती. ताईस,

तुला आणि सासूबाईंना सा. न. वि. वि. त्यांना शेवटी की आधी हे आज कळत नाही, म्हणून एकत्रच.

आकमोर पोचली. बारा तारखेला कागद दिले. खिडकीतल्या बाईनं जन्मतारीख दोनदा विचारली, दोन्ही वेळा ती न अडखळता बोलली. वसतिगृह एक सप्टेंबरला उघडतं, तोवर माझ्याकडेच आहे. भांडी घासते, माझ्या चहाला नावं ठेवते, म्हणते घोडीसुद्धा हा पिणार नाही. काल तिनं माझ्या खालच्या मजल्यावरच्या गरोदर शेजारणीला विचारून तिच्या पोटाला कान लावला. शेजारीण अजून सगळ्या जिन्याला सांगत फिरते आहे.

तुझं पत्र मी चुलीत घालणार नाही. माझ्याकडे चूलही नाही.

चौथा भाग पुन्हा केला. आकमोर काचेपलीकडे तालायच्या शेजारी बसली होती. मूळ आवाज मी या वेळी मोठा करून ऐकला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिन्ही हाका वेगळ्या आहेत, ताई. पहिली बोलावते. दुसरीत राग आहे. तिसरीत काहीच उरलेलं नाही, नुसतं नाव. वेळ पुरत नाही म्हणून मी त्यांतल्या दोन खाल्ल्या होत्या, आणि मला वाटायचं बारा वर्षांत कुणाला कळलं नाही.

मी तिन्ही मारल्या. तिसरीला यंत्राचा काटा लाल रेघेपार गेला. तालाय म्हणाला आवाज फाटतोय, परत घेऊ. आकमोरनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि राहू दे म्हणाली. राहू दिलं.

आता उरलेल्या उन्हाळ्यासाठी माझी शिफारस, आणि या वेळी खात्रीनं नाही, विनंतीनं. हिरव्या पेन ड्राइव्हमध्ये सुईण पूर्ण आहे, जशी आहे तशी, प्रत्येक नावासकट. पाचव्या भागापासून ती शहरात शिकायला जाते. मध्ये काही भाग कंटाळवाणे आहेत, तिथे घोड्यांच्या धारा काढा. बुर्माकानबाईंनाही बोलवा, उशीसकट. शेवट सांगत नाही.

आणि सासूबाईंना एवढं सांग. तो होडीवाला पहिल्या हाकेला वळत नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला वळतो. त्यांनी तोवर उठू नये.

लोभ माझ्याकडे सुखरूप पोचला. थोडा ठेवून घेतलाय, बाकीचा तुराटबरोबर परत पाठवते.

तुझी,
चोल्पोन